ग्रामपंचायतीला स्वच्छ ऊर्जेकडे नेताना : मराठवाड्यातील कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शन

आपल्या ग्रामपंचायतीने स्वच्छ ऊर्जा वापरावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी सरपंचांच्या पहिल्या भेटीत सौर पॅनेलचा विषय काढू नये. त्या भेटीत मागील बारा महिन्यांची सर्व वीजबिले पाहायला मागावीत. मराठवाड्यातील ग्रामपंचायत वीज वापरते ती प्रामुख्याने पाणी उपसण्यासाठी आणि पथदिव्यांसाठी; कार्यालय, अंगणवाडी आणि शाळा यांचा वापर त्या मानाने किरकोळ असतो. ही दोन कामे आज किती विजेत होतात आणि वास्तविक किती विजेत व्हायला हवीत, हे कागदावर आल्याशिवाय आखलेली सौर योजना केवळ अंदाजावर उभी राहते, आणि अशी योजना दोन-तीन वर्षांत बंद पडली की गावाचा त्या विषयावरचा विश्वास दीर्घकाळासाठी उडतो. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी बिले, मग पाणी, मग दिवे आणि त्यानंतर सौर संच.

हे काम ग्रामपंचायतीचे आहे का, असा प्रश्न बैठकीत हमखास विचारला जातो. ७३व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या विषयांची यादी असून तीत इंधन व चारा, ग्रामीण विद्युतीकरण आणि अपारंपरिक ऊर्जास्रोत हे तिन्ही विषय स्पष्टपणे नमूद आहेत. ग्रामपंचायत विकास आराखडा ज्या नऊ संकल्पनांवर बेतायचा असतो, त्यांत ‘स्वच्छ व हरित गाव’ ही एक संकल्पना आहे. राज्याच्या पर्यावरण विभागाने २०२० मध्ये सुरू केलेल्या माझी वसुंधरा अभियानातही पंचमहाभूतांपैकी ‘अग्नी’ या घटकाखाली ऊर्जेच्या कामांचे मूल्यमापन होते. बैठकीत एवढे तीन आधार सांगितले की अधिकाराचा प्रश्न संपतो आणि पैशांचा प्रश्न सुरू होतो. तो बिलांच्या फायलीतूनच सुटत जातो.

बिलांची फाइल कशी वाचावी

एका मोठ्या कागदावर तक्ता आखावा आणि ग्रामपंचायतीच्या नावावरील प्रत्येक वीजजोडणीसाठी एक ओळ ठेवावी. ग्राहक क्रमांक, जोडणी नेमकी कुठे आहे, वर्गवारी, मंजूर भार (जोडणीला मान्य असलेली कमाल वीजक्षमता), मीटर चालू आहे की नाही, दरमहा युनिट, स्थिर आकार (वापर नसला तरी दरमहा लागणारी रक्कम) आणि थकबाकी, एवढे रकाने पुरेत. ही यादी पूर्ण करण्यासाठी पंप चालवणाऱ्या कर्मचाऱ्याला सोबत घेऊन प्रत्येक मीटरपर्यंत प्रत्यक्ष चालत जावे लागते. कार्यालयात बसून ती पूर्ण होत नाही, कारण कोणता मीटर कोणत्या विहिरीवरचा हे बहुतेक वेळा फक्त त्या कर्मचाऱ्यालाच माहीत असते.

या फेरीत काही गोष्टी मुद्दाम शोधाव्यात. आटलेल्या बोअरवरची किंवा जुन्या योजनेची जोडणी अद्याप चालू असेल आणि तिचा स्थिर आकार दरमहा लागत असेल, तर ती कायमस्वरूपी बंद करण्याचा लेखी अर्ज महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. अंगणवाडी, वाचनालय किंवा पाणीपुरवठ्याची जोडणी चुकून वाणिज्यिक दराने आकारली जात असेल, तर वर्गवारी बदलून घ्यावी. सार्वजनिक पाणीपुरवठा, पथदिवे आणि सार्वजनिक सेवा यांच्या वर्गवाऱ्या वेगळ्या आहेत. मीटर बंद असून बिल सरासरीने येत असेल, तर सर्वप्रथम तो मीटर बदलून घ्यावा, कारण सरासरीच्या बिलावर कितीही बचत केली तरी ती बिलात उतरत नाही. थकबाकीवर चढलेले व्याज मूळ रकमेपासून वेगळे मांडावे आणि हप्ते बांधून घेण्याची बोलणी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनी स्वतः करावीत. पुढे नेट मीटरचा, म्हणजे घेतलेली वीज आणि सौर संचातून परत दिलेली वीज या दोन्ही मोजणाऱ्या मीटरचा, अर्ज करायचा असेल तर त्या जोडणीची थकबाकी आधी निकाली काढावी लागते, त्यामुळे हा विषय टाळून पुढे जाता येत नाही.

बिलांचा विषय मराठवाड्यात नाजूक आहे हे मदत करणाऱ्याने ओळखून असावे. पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची बिले वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत असा निर्णय राज्य शासनाने २०२१ मध्ये घेतला तेव्हा अनेक सरपंचांनी त्याला विरोध केला होता, आणि त्यामागची अडचण खरी होती : विकासकामांसाठी आलेला पैसा बिलात गेला तर गावासमोर दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून तक्ता तयार झाल्यावर तो चुका दाखवण्याच्या सुरात मांडू नये. ‘बिलात जाणारे हे पैसे वाचले तर गावाकडेच राहतील,’ या एका वाक्याने सरपंचांचे लक्ष जितके वेधले जाते, तितके हवामान बदलावरच्या दीर्घ भाषणाने वेधले जात नाही.

पाणी उपसण्याचा हिशेब

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर हवा तितका वेळ द्यावा. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला सिद्धान्ताप्रमाणे ०.२७ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात मोटार, पंप आणि पाइप यांत काही ऊर्जा वाया जाते, त्यामुळे बऱ्या स्थितीतील ग्रामीण योजनेत साधारण याच्या दुपटीहून थोडी अधिक वीज लागेल असे धरावे.

उदाहरणादाखल तीन हजार लोकवस्तीचे गाव घेऊ. जल जीवन मिशनच्या निकषानुसार माणशी दररोज ५५ लिटर म्हणजे १,६५,००० लिटर, अर्थात १६५ घनमीटर पाणी लागते. विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून उंच टाकीच्या मुखापर्यंतची चढण आणि पाइपमधील घर्षण मिळून ८० मीटर धरले, तर सिद्धान्ताप्रमाणे ३६ युनिट लागतात. संपूर्ण यंत्रणेची कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर दररोज सुमारे ८० युनिट होतात. आता पंपाजवळच्या मीटरचे आकडे सलग आठ दिवस रोज ठरावीक वेळी लिहून घ्यावेत. मीटर दररोज १२० युनिट दाखवत असेल, तर दररोजचे ४० युनिट कुठेतरी वाया जात आहेत, हे कोणत्याही महागड्या तपासणीशिवाय कळते.

ते कुठे जातात हे शोधण्याचाही क्रम आहे. टाकी भरून रात्री सर्व व्हॉल्व्ह बंद करावेत आणि सकाळी पातळी किती उतरली ते पाहावे. उतरली असेल तर टाकी किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. पंप सुरू असताना विहिरीपासून टाकीपर्यंतच्या पाइपलाइनवर चालत जावे; उन्हाळ्यात रानात एखाद्या जागी हिरवे गवत दिसले तर तेथे जोड सुटलेला असण्याची शक्यता मोठी असते. टाकीत मिनिटाला किती पाणी पडते हे मोजून ते पंपाच्या पाटीवरील आकड्याशी ताडून पाहावे. मोटार अनेकदा रिवाइंड केलेली असेल तर तिची कार्यक्षमता घटलेली असते, आणि रिवाइंडिंगचा वारंवार होणारा खर्च लिहून काढला तर नवीन स्टार मानांकित मोटार अनेकदा परवडते. तेच पंपाच्या निवडीचे. उद्भवाची, म्हणजे पाण्याच्या स्रोताची, खोली आणि टाकीची उंची न मोजता ‘जास्त एचपीचा बसवा, पाणी जोरात येईल’ या समजुतीने घेतलेला पंप आयुष्यभर जास्त वीज खातो. योग्य कपॅसिटर, सुस्थितीतील फूट व्हॉल्व्ह आणि योग्य जाडीची केबल या तीन गोष्टींचा खर्च अल्प असतो, आणि गावातीलच जाणकार मोटार दुरुस्त करणारा माणूस त्या एका दिवसात तपासून देऊ शकतो.

मराठवाड्यात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. येथील बहुतांश जमिनीखाली बेसाल्टचा कठीण खडक असल्याने भूजल भेगांमध्ये साठते आणि कमी पावसाच्या वर्षी पातळी झपाट्याने खाली जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते वर्ष सर्वांच्या स्मरणात आहे. पातळी जितकी खोल, तितके तेच पाणी वर आणण्यासाठी अधिक वीज लागते. वरील उदाहरणात पाण्याची पातळी दहा मीटरने वर आली तर दररोज सुमारे दहा युनिट वाचतात. म्हणून नाला खोलीकरण, पाझर तलावातील गाळ काढणे आणि उद्भवाच्या विहिरीभोवतीचे पुनर्भरण ही कामे ऊर्जेच्या आराखड्यातही लिहावीत. माझ्या मते मराठवाड्यात पुनर्भरणाचे नावही नसलेला ऊर्जा आराखडा अपुरा मानला पाहिजे.

पथदिवे

गावातील दिवे एका संध्याकाळी आणि एका दुपारी, असे दोनदा मोजावेत. दुपारी जे जळताना दिसतात त्यांची संख्या आधी लिहावी. शंभर दिवे प्रत्येकी २४ वॅटचे असतील आणि रात्रीचे अकरा तास जळत असतील तर दररोज २६ युनिट लागतात. तेच दिवस-रात्र जळत राहिले तर ५७ युनिटांहून अधिक लागतात. एलईडी बसवूनही बिल न घटल्याची तक्रार जेथे ऐकू येते, तेथे बहुधा हेच कारण सापडते. पथदिव्यांसाठी खांबावरून वेगळी तार गेलेली नसेल आणि दिवे थेट घरगुती वाहिनीवर जोडलेले असतील, तर ते बंद करायला बटणच नसते. त्यासाठी महावितरणच्या शाखा कार्यालयाकडे स्वतंत्र तार आणि मीटरची मागणी ठरावासह नोंदवावी, डीपीजवळ टायमर किंवा प्रकाश पाहून आपोआप चालू-बंद होणारा स्विच बसवावा, आणि टायमरची वेळ हिवाळा-उन्हाळ्याप्रमाणे बदलण्याची जबाबदारी नावानिशी एका कर्मचाऱ्याकडे द्यावी. खांबावर चढण्याचे काम मात्र केवळ अधिकृत लाइनमननेच करावे. उत्साही तरुणांना त्यात कधीही पाठवू नये.

दिवे खरेदी करताना केवळ वॅट पाहू नयेत. किती ल्युमेन प्रकाश मिळतो, विजेच्या चढ-उतारापासून आणि अचानक येणाऱ्या जादा दाबाच्या लाटेपासून संरक्षण आहे का, पाऊस-धुळीपासून बचावाचे मानांकन काय आणि हमी किती वर्षांची, हे चार तपशील अंदाजपत्रकातच लिहून घ्यावेत. जेम या शासनाच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवरून खरेदी करतानासुद्धा हे तपशील न लिहिल्यास सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर बंद पडणारा माल येतो.

बॅटरीवर चालणाऱ्या सुट्या सौर पथदिव्यांबाबत स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. बॅटरी बदलण्याची तरतूद कोणीच केलेली नसल्यामुळे बंद पडलेले असे खांब मराठवाड्यातील कितीतरी गावांत उभे आहेत. जेथे वीजवाहिनी पोहोचलेली आहे तेथे वाहिनीवरचा एलईडी दिवा आणि इमारतीच्या छतावर सौर संच ही जोडी अधिक काळ टिकते. दूरची वस्ती, तांडा, स्मशानभूमीचा रस्ता किंवा शेतवस्तीचा फाटा अशा जागी सुटा सौर दिवा योग्य ठरतो, मात्र त्याची बॅटरी काही वर्षांनी बदलण्याचा खर्च त्या खात्यावर आधीच बाजूला ठेवलेला असावा आणि जुनी बॅटरी विक्रेत्याने परत नेण्याची अट करारात असावी.

सौर संच : कुठे, किती आणि कसा

आता सौर संचाकडे यावे. मराठवाड्यात ऊन भरपूर आहे आणि एक किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देतो; त्याला साधारण दहा चौरस मीटर सावलीमुक्त जागा लागते. ग्रामपंचायत कार्यालय आणि शाळा यांचा मिळून महिन्याचा वापर २४० युनिट असेल तर दोन किलोवॅट पुरतात. मात्र एक गोष्ट अनेकदा लक्षात घेतली जात नाही : नेट मीटर ज्या जोडणीवर बसतो, त्याच जोडणीचे बिल कमी होते. कार्यालयाच्या छतावर मोठा संच बसवला म्हणून दोन किलोमीटर अंतरावरील विहिरीवरच्या पंपाचे बिल कमी होत नाही. ज्या जोडणीचे बिल सर्वांत मोठे, तेथेच संच बसवता येईल का हे आधी पाहावे. पाण्याच्या टाकीचा परिसर किंवा विहिरीजवळची ग्रामपंचायतीची जागा त्यासाठी तपासावी.

दुसरी मर्यादा मंजूर भाराची आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांनुसार नेट मीटरखालील संचाची क्षमता त्या जोडणीच्या मंजूर भाराच्या आत ठेवावी लागते. वरच्या उदाहरणातील पंपाचा मंजूर भार १५ एचपी, म्हणजे सुमारे ११ किलोवॅट असेल, तर तेथे ११ किलोवॅटचा संच बसेल आणि तो दिवसाला सुमारे ४४ युनिट देईल. दररोज १२० युनिट खाणाऱ्या पंपावर हा संच बसवला तर बिलाचा जेमतेम एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग भागतो; गळती काढून वापर ८० युनिटांवर आणल्यानंतर तोच संच निम्म्याहून अधिक भाग भागवतो. तोच खर्च, तीच पॅनेल, पण परिणामात एवढे अंतर. पाण्याचा हिशेब आधी करण्याचा आग्रह एवढ्यासाठीच आहे. नेट मीटरचे नियम आणि दिवसाच्या वेळेनुसारचे दर बदलत असतात, म्हणून अंदाजपत्रक करण्यापूर्वी त्या वर्षी लागू असलेल्या अटी उपविभागीय कार्यालयातून लेखी घ्याव्यात.

उद्भव शेती फिडरवर, म्हणजे शेतीपंपांसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीवर, असेल आणि वीज कधी दिवसा तर कधी रात्री येत असेल, तर नेट मीटरऐवजी थेट सौर पंपाचा विचार करावा. त्याला बॅटरी लागत नाही. दिवसा टाकी भरून ठेवली की साठवलेले पाणी हीच बॅटरी होते. अट एवढीच की टाकीत किमान एका दिवसाचे पाणी मावले पाहिजे आणि पावसाळ्यातील सलग ढगाळ दिवसांसाठी जुनी वीजजोडणी कायम ठेवली पाहिजे. लहान वस्त्या आणि तांड्यांसाठी बोअरवेलवर हातपंप तसाच ठेवून त्यातच सौर पंप बसवण्याची दुहेरी पंपाची पद्धत राज्यात रुळलेली आहे, आणि ज्या वस्तीवर माणसे थोडी व बोअरला पाणी बरे, तेथे ती उत्तम चालते.

बसवण्याच्या तपशिलात चार बाबींवर हयगय करू नये. पहिली अर्थिंगची. मुरमाड आणि खडकाळ जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग निकामी होते, आणि वळवाच्या पावसात व जूनमध्ये मराठवाड्यात वीज पडण्याच्या घटना मोठ्या संख्येने घडतात. म्हणून तडितरोधक (लाइटनिंग अरेस्टर), स्वतंत्र अर्थिंगचे खड्डे आणि दर मे महिन्यात त्यांची तपासणी या गोष्टी करारात असाव्यात. दुसरी बाब स्वच्छतेची. धुळीने उत्पादन घटते, पण बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पॅनेल धुतले तर पांढरा थर बसतो; पावसाचे साठवलेले किंवा शुद्ध केलेले थोडे पाणी, मऊ ब्रश आणि सकाळची वेळ हेच योग्य. तिसरी बाब म्हणजे चोरी आणि वानरे यांपासूनचा बचाव. न उघडणारे नट-बोल्ट आणि कुंपण यांचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा. चौथी बाब पाच वर्षांच्या देखभाल कराराची, आणि त्यात तक्रार दिल्यापासून किती दिवसांत माणूस येईल व न आल्यास किती दंड, हे आकड्यात लिहिलेले असावे. शेवटचा हप्ता संच महिनाभर सुरळीत चालल्याचे पाहून मगच द्यावा.

पैसा, ठराव आणि गायरान

दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास पुढील वर्षाच्या आराखड्याची तयारी सुरू होते. त्याआधी, म्हणजे पावसाळ्यातच, वरील तक्ता आणि अंदाजपत्रक तयार असले पाहिजे. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत हा विषय आवर्जून ठेवावा, कारण पाणी कधी येते, किती येते आणि कोणत्या गल्लीत दिवा नाही हे तेथे नेमके सांगितले जाते. ठराव मोघम नसावा. ‘गावात सौर ऊर्जा राबविण्यात यावी’ असा ठराव पुढे कोणत्याही टेबलावर अडतो. ‘अमुक ग्राहक क्रमांकाच्या पाणीपुरवठा जोडणीवर ११ किलोवॅट क्षमतेचा संच बसविणे, मोटार बदलणे आणि पाच वर्षांच्या देखभालीसाठी ग्रामनिधीत दरवर्षी तरतूद करणे’ असा ठराव तांत्रिक मंजुरीसाठी सरळ पुढे जातो. जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग आणि महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेची छत्रपती संभाजीनगर व लातूर येथील विभागीय कार्यालये यांच्याकडून तांत्रिक बाबी तपासून घ्याव्यात. वित्त आयोगाचा पाणी-स्वच्छतेसाठी बंधित निधी पंप आणि पाइपलाइनच्या कामांना वापरता येईल का, हे गटविकास अधिकाऱ्यांकडून त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी स्पष्ट करून घ्यावे.

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिचे अनुदान घरांसाठी आहे : पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला एकूण कमाल ७८,००० रुपये. ग्रामपंचायतीच्या इमारतीला ते मिळत नाही, ही गोष्ट काही विक्रेते सांगत नाहीत. परंतु हद्दीतील घरांवर बसलेल्या प्रत्येक संचामागे ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला १,००० रुपये प्रोत्साहन देण्याची तरतूद योजनेत आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यात स्पर्धेतून एक आदर्श सौर ग्राम निवडून त्याला एक कोटी रुपये देण्याचीही तरतूद आहे. आपल्याकडे त्यासाठी पाच हजारांहून अधिक लोकवस्तीची अट आहे. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे लहानसे गाव घराघरावर सौर संच बसवून राज्यात नावारूपाला आले. तेथील पदाधिकाऱ्यांशी आपल्या सरपंचांचे बोलणे घडवून आणणे हे अनेक माहितीपत्रकांपेक्षा उपयोगी पडेल.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेती फिडरला दिवसा वीज देण्याचे नियोजन आहे. खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते, तर प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षे प्रोत्साहन अनुदान देण्याची तरतूद आहे. ही रक्कम लहान गावासाठी मोठी आहे आणि म्हणूनच येथे सावध राहावे. अनेक ठिकाणी या प्रकल्पांसाठी गायरान पुढे केले जाते. मराठवाड्यात गायरान म्हणजे मोकळी पडलेली जमीन नव्हे. भूमिहीन कुटुंबे ती पिढ्यान्‌पिढ्या कसत आली आहेत, आणि शेळ्या-मेंढ्या राखणारे लोक तिच्यावरच अवलंबून आहेत. ज्या स्वच्छ ऊर्जेमुळे गावातील सर्वांत गरीब माणसाच्या ताटातले कमी होते, तिला पाठिंबा देता येणार नाही, असे मी ठामपणे म्हणेन. ठरावापूर्वी त्या जमिनीवर कोण काय करते याची गावकऱ्यांसमक्ष पाहणी करावी, संबंधित कुटुंबांना ग्रामसभेत बोलण्याची वेळ द्यावी, त्यांचे म्हणणे इतिवृत्तात शब्दशः नोंदवावे, आणि पडीक खासगी जमिनीचा पर्याय आधी तपासावा.

स्वयंपाकाच्या इंधनाबाबत थोडक्यात. वसतिगृह, आश्रमशाळा किंवा गोशाळा असलेल्या गावी बायोगॅस संयंत्र उपयोगी ठरते. सुमारे २५ किलो ओल्या शेणापासून दिवसाला एक घनमीटर वायू मिळतो. मात्र तेवढेच पाणी लागत असल्याने टंचाईच्या महिन्यांत ते कोठून येणार, हे ठरवल्याशिवाय खड्डा खणू नये. पऱ्हाट्या आणि तुराट्या बांधावर जाळण्याऐवजी त्यांपासून इंधनाच्या कांड्या बनवणाऱ्या जवळच्या कारखान्याला देण्याची व्यवस्था ग्रामपंचायत लावू शकते.

नगरपरिषदांसाठी

नगरपरिषद किंवा महानगरपालिका असेल तर क्रम तोच राहतो, आकडे वाढतात. छत्रपती संभाजीनगरचे पाणी जायकवाडीहून येते आणि लातूरचे मांजरा धरणातून; अशा लांबच्या योजनांत उच्चदाब जोडणीचा मागणी आकार (कमाल वीजमागणीवर लागणारी रक्कम), पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेचा किती भाग प्रत्यक्ष कामी येतो त्याचे प्रमाण) आणि पंप चालवण्याच्या वेळा या तिन्हींत प्रशिक्षित ऊर्जा लेखापरीक्षकाला बचत सापडू शकते, म्हणून तेथे हौशी तपासणीवर थांबू नये. मोठ्या छतांसाठी पैसा नसल्यास कंपनीने स्वतः गुंतवणूक करून संच बसवायचा आणि पालिकेने वापरलेल्या युनिटप्रमाणे पैसे द्यायचे, हा मार्गही खुला आहे. परंतु हा करार वीस-पंचवीस वर्षांचा असतो, त्यामुळे दर, मुदतीनंतरची मालकी आणि छताची गळती झाल्यास जबाबदारी कोणाची, ही कलमे वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही होऊ देऊ नये.

काम टिकवण्यासाठी

योजना टिकते ती पंप चालवणाऱ्या कर्मचाऱ्यामुळे. त्याला मानधन वेळेवर मिळत नसेल तर आधी ते सुरळीत करण्याचा आग्रह धरावा, त्यानंतरच त्याच्याकडून नोंदवहीची अपेक्षा करावी. नोंदवही साधी असावी : तारीख, मीटरचा आकडा, पंप किती तास चालला, सौर संचाच्या इन्व्हर्टरवरील आकडा, पॅनेल पुसल्याची खूण आणि बिघाड असल्यास दोन शब्द. त्याला प्रशिक्षणाला पाठवावे, आणि तो रजेवर असताना काम पाहणारी दुसरी व्यक्तीही तयार करावी. बचत गटातील एखादी ताई हे काम उत्तम करते. पाणीपट्टीची वसुली हाही याच कामाचा भाग आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने कर भरणाऱ्या कुटुंबांना पीठ मोफत दळून देण्याची सोय केली आणि करवसुलीला बळ दिले. अशी एखादी ठोस सोय वीजबिलाच्या बचतीतून आपल्या गावातही देता येते का, याचा विचार मासिक सभेत व्हावा.

पदाधिकारी पाच वर्षांनी बदलतात, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची बदली होते. म्हणून ग्राहक क्रमांकांचा तक्ता, नेट मीटरचा करार, हमीपत्रे, देखभाल करार आणि नोंदवही यांची एक फाइल कार्यालयात आणि तिची प्रत शाळेच्या मुख्याध्यापकांकडे ठेवावी, आणि कार्यभार सोपवताना ती फाइल यादीत लिहून द्यावी. वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रामसभेत बिलांची तुलना मांडताना रुपये न मांडता युनिट मांडावेत, कारण दर दरवर्षी बदलतात. आणि एप्रिलची तुलना मागील एप्रिलशी, जुलैची मागील जुलैशी करावी. तो तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, त्याखाली नोंदवही सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव लिहावे, आणि ज्या महिन्यात वापर वाढलेला दिसेल त्या महिन्याचे कारण शोधायला दुसऱ्याच दिवशी विहिरीवर जावे.